आईंची साखर उतरली, पण त्यांना चुलीपुढून उठता येत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कुठे चुकलं तर सांगा. आई ७२ वर्षांच्या, देवगडजवळच्या वाडीत एकट्याच राहतात. मधुमेहाला १४ वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे. गेल्या गणपतीत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ८.६ आलं, तेव्हा तुम्ही भावंडांनी बसून पथ्य ठरवलं: भात बंद, आंबा-फणस बंद, रात्री एक ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी. साखरेची मेटफॉर्मिन गोळी होतीच, त्यात ग्लिमेपिराइड वाढली. आता एचबीएवनसी ६.४ आहे. वजन मात्र ५२ वरून ४५ किलोवर आलंय, आणि चुलीपुढून उठताना त्यांना आधार लागतो. वाडीतले म्हणतात, "वय झाला आता." नवं संशोधन काय म्हणतं, आणि वजन-साखरेची ती नवी इंजेक्शनं सुरू केली तर गोळ्या सुटतील का, हे तुम्हाला विचारायचंय.

इंजेक्शन नको. आणि या आठवड्यातच आईंना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा, ग्लिमेपिराइड कमी करता येईल का हे विचारायला. स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या महिन्यावरही ढकलू नका.

तुम्ही सगळ्यांनी जे केलं ते मनापासून केलं, हे तुमच्या लिहिण्यातून दिसतं. तरी ६.४ वाचून मला काळजी वाटली. बहात्तरीतली, एकटी राहणारी, ४५ किलोची बाई, पोटात जेमतेम अन्न आणि वर साखर खाली ढकलणारी गोळी. ग्लिमेपिराइडचं काम असं की तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. भात बंद झाला, गोळी वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंनी साखर खाली खेचली जातेय.

एका श्रावणी सोमवारी संध्याकाळी माझ्याकडे अशाच एका आजींना रिक्षातून आणलं होतं. खळ्यात तुळशीपाशी बसलेल्या सापडल्या होत्या. नेसलेलं पातळ घामानं भिजलेलं, हात गार, बोलणं बरळल्यासारखं. घरच्यांना आधी वाटलं की काहीतरी बाधलं, नारळ ठेवायचीही तयारी झाली होती. बोटातून थेंब घेतला, साखर अवघी ४१. शिरेतून ग्लुकोज दिलं, दहा मिनिटांत डोळे नीट उघडले, आणि पहिलं वाक्य नातवाला, "गुरा बांधलास काय रे?" मग मला म्हणाल्या, "माका काय झाला नाय, सोमवार आसा माझो." उपास कडक होता, सकाळची गोळी मात्र न चुकता घेतली होती. गोळी चुकवायची नाही, असं त्यांना आम्ही डॉक्टरांनीच बजावलेलं. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून साखरेची गोळी लिहिताना मी उपासाचे वार विचारून घेते आणि कागदावर वेगळं लिहून देते.

साखर जितकी खाली तितकं चांगलं, असं आम्हीही मानत होतो. २००८ साली अकॉर्ड नावाच्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीनं तो समज मोडला. दहा हजारांवर मधुमेही, हृदयविकाराचा धोका असलेले, सरासरी वय ६२. अर्ध्यांचं एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचं ठरलं. त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी जास्त निघाले आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. म्हणून आज एकापेक्षा जास्त दुखणी असलेल्या वयस्कर माणसाला ८ च्या आतलं एचबीएवनसीही चालतं असं मार्गदर्शन आहे, आणि गोळीमुळे साखर एकदम उतरू न देणं याला आधीचा मान आहे. तुमच्या आईंना मी साडेसातच्या आसपास ठेवलं असतं. एक आणखी: रक्तात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसू शकतं. मागच्या ८.६ च्या वेळी हिमोग्लोबिन तपासलं होतं का, ते बघा.

आता पायांकडे येते, कारण तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला शब्द "आधार" आहे.

जेवल्यावर रक्तात येणारी साखर ठेवायला शरीरात सर्वांत मोठी कणगी असते ती स्नायूंची. मांड्या, नितंब, पाठ. वयस्कर माणूस नुसतं कमी खाऊन वजन उतरवतो तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि या वयात गेलेला स्नायू आपोआप परत येत नाही. म्हणजे ७ किलो घटले त्यात कणगीचाही तुकडा गेला. आज अन्न कमी आणि गोळी जास्त म्हणून साखर खाली दिसतेय. उद्या त्या थोडं जास्त जेवल्या तर ती साखर ठेवायला पूर्वीपेक्षा जागा कमी असेल.

"आई तर पहिल्यापासून बारीकच" असं तुम्ही लिहिलंय. यावर पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं काम केलंय. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण दिसायला किडकिडीत असतो, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा त्यांनी जो पाठपुरावा केला, त्यात ही ठेवण जन्मापासूनच दिसली. तेव्हा आपल्याकडच्या बारीक म्हाताऱ्या माणसाचं वजन उतरवताना दहादा विचार करावा लागतो. त्याच्याकडे घालवायला स्नायू मुळातच थोडा असतो.

किती थोडा आहे, हे घरी कळतं. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईंनी दोन्ही हात छातीवर घडी घालून बसायचं आणि हात न लावता पाच वेळा पूर्ण उभं राहून परत बसायचं. मोबाइलवर सेकंद मोजा. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये ठरवलेला निकष असा की १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमजोर झाल्याची शंका धरायची. माझ्या दवाखान्यात सत्तरीच्या बाया येतात तेव्हा मी रक्ताच्या कागदाआधी हे बघते. कितीजणी पहिल्याच उठण्याला मांडीवर हात दाबतात. करताना कुणीतरी शेजारी उभं असू द्या.

हाताच्या मुठीचंही तसंच. प्युअर नावाच्या अभ्यासात १७ देशांतल्या जवळपास १ लाख ४० हजार माणसांची मूठ यंत्रावर मोजली, त्यात आपला देशही होता. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: मुठीची ताकद दर ५ किलोंनी कमी, तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा मुठीवरून अंदाज जास्त बरोबर येत होता. मूठ आवळत बसलं की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही. मूठ ही सगळ्या शरीराच्या स्नायूंची बातमी सांगते. आईंच्या तरुणपणी ही मूठ रहाटावर, पाट्या-वरवंट्यावर, नारळ सोलण्यात तयार झाली. आता पंप आहे, मिक्सर आहे. ते कष्ट परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही, त्या कष्टांनी चाळिशीत कंबर गेलेल्या आणि रक्त आटलेल्या बाया मी खूप पाहिल्यात. पण त्या कष्टांतून स्नायूंना जे मिळत होतं, त्याची भरपाई कुठून तरी करायला हवी.

आणि ती होते. १९९० साली बोस्टनमध्ये एका वृद्धांच्या संस्थेत ८६ ते ९६ वयाच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, हलका नव्हे, चांगला जड. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची चालतानाची काठी सुटली. नव्वदीतल्या माणसांची ही गोष्ट आहे, तुमच्या आई त्यांच्या मुलीच्या वयाच्या! म्हणून "वय झालं" हे वाक्य मी निदान म्हणून स्वीकारत नाही.

वाडीत व्यायामशाळा नाही, लागतही नाही. पडवीच्या खांबापाशी खुर्ची ठेवा. सुरुवातीला खांबाला धरून उठणं-बसणं, आठ-दहा वेळा, मग दम घेऊन पुन्हा तेवढंच. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस विश्रांती. सोपं वाटायला लागलं की खांब सोडायचा. तेही सोपं झालं की हातात पाण्याची एकेक लिटरची बाटली. त्यानंतर खांबाला धरून टाचा उचलणं, पायरी चढणं-उतरणं. शेवटची दोन-तीन उठणी जड जायला हवीत, नाहीतर स्नायूला काही कळत नाही. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंच करा. छातीत दाटलं, धाप नेहमीपेक्षा जास्त लागली, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील, त्याला घाबरून सोडू देऊ नका. बहुतेकजणी तिथेच सोडतात.

चालणं त्याच्या जोडीला. न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या अभ्यासात मधुमेहींना दिवसात एकदा केव्हाही ३० मिनिटं चालण्याऐवजी प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालायला सांगितलं. जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. रात्री आपल्याकडे पाणंदीत अंधार आणि जनावरांची भीती, तेव्हा बाहेर जायचंच नाही. ओटीपासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या घातल्या तरी दहा मिनिटं होतात.

पण रिकाम्या पोटी स्नायू बांधला जात नाही, म्हणून पथ्य बदलावं लागेल. आयसीएमआर-इंडियाब हा देशभरच्या मधुमेहाचा सर्वांत मोठा अभ्यास. त्याचा २०२३ चा अहवाल अनेकांनी ऐकलाय, देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचा. आहारावरचा भाग २०२५ मध्ये आला, तो मला जास्त कामाचा वाटतो. आपल्या ताटातली ६२ टक्के ऊर्जा पिठूळ पदार्थांतून येते. तांदळाच्या जागी नुसता गहू किंवा भरडधान्य आणलं आणि एकूण प्रमाण तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. त्यातला थोडा भाग काढून तिथे डाळी, दूध-दही अशी प्रथिनं आणली तर दिसला. तुम्ही आईंचा भात काढून ज्वारी दिलीत, म्हणजे पिठाच्या जागी पीठ. तेही घाटावरून आणून, ज्याची चव त्यांच्या जिभेला आयुष्यात कधी नव्हती. मग भाकरी अर्धी टाकून दिली जात असेल तर नवल नाही.

भात परत द्या. दुपारी उकड्या तांदळाचा एक वाटी, रात्री एक नाचणीची किंवा तांदळाची भाकरी. पण ताटात आधी दुसरं काहीतरी असू द्या. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरतात, म्हणजे आईंना पन्नासच्या आसपास. एका मध्यम बांगड्यातून १५ ग्रॅमच्या जवळपास मिळतात, दोन अंड्यांतून १२, कुळथाच्या वाटीभर पिठीतून सहा-सात, वाटीभर दह्यातून पाचेक, उरलेली भात-भाकरीतून. यातलं काहीच परकं नाही. सकाळची पेज आणि लोणच्याची फोड हे मात्र नुसतं पीठ आणि मीठ. पेज ठेवायची तर तिच्याबरोबर अंडं किंवा मऊ शिजवलेले कुळीथ-मूग द्या. पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत ताजी मासळी नसते, तेव्हा खारवलेल्या बांगड्यापेक्षा उन्हात नुसते सुकवलेले बोंबील, जवळा बरे. ही सगळी प्रथिनांची गोष्ट मूत्रपिंड ठीक असेल तर. रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) वाढलेलं असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

यंदा आईंनी एकही हापूस खाल्ला नाही, असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय. मला ते वाचून वाईट वाटलं. दारात कलमं असलेली बाई ती! एका हापूसमध्ये २० ते २५ ग्रॅम पिठूळ-साखर असते, वाटीभर भातात त्याहून जास्त. जेवणावर आंबा नको, पण चार वाजता भूक लागते तेव्हा अर्धा आंबा आणि चार काजू खाल्ले तर काही बिघडत नाही. रस नको, फोडी.

मला वाटतं, खरी अडचण यापुढची आहे. एकटीसाठी मासे कोण साफ करणार? सकाळी एकदा शिजवायचं, तेच रात्री गरम करायचं, नाहीतर चहा-बटरवर भागवायचं. आपल्या गावांतल्या निम्म्या घरांत हेच चाललंय, मुलं मुंबई-ठाण्याला आणि फोनवर रोज "जेवलीस का?" "जेवलंय." २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणं मांडली, त्यांत मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर एकटेपणा आहे, कमी ऐकू येणं आहे, न काढलेला मोतीबिंदूही त्यात येतो. शेजारच्या काकूंबरोबर दुपारचं एक जेवण तरी एकत्र होईल अशी व्यवस्था लावता आली, पैसे देऊन का होईना, तर ती कुठल्याही नव्या औषधाच्या आधी लावा.

इंजेक्शनांबद्दल एवढंच. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही चांगली औषधं आहेत, जाड आणि हृदयाचा धोका असलेल्या माणसांना मी ती देते. त्यांचं मुख्य काम भूक मारणं, आणि उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. तुमच्या आईंची भूक आधीच मेलीय.

रक्तदाबाची गोळी मात्र सोडू देऊ नका, "वय झालं, आता कशाला" म्हणून तर नाहीच. ८० च्या पुढच्या ३८४५ लोकांवरच्या हायव्हेट चाचणीत, २००८ मध्ये, सौम्य औषधांनी मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होणं ६४ टक्क्यांनी कमी झालं. देशात रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्ग होता. जवळच्या आरोग्य केंद्रावर गोळ्या मिळतात, त्यासाठी तालुक्याला जावं लागत नाही. फक्त रक्तदाब बसून मोजला की उभं राहूनही एकदा मोजायला सांगा. सात किलो वजन उतरल्यावर जुना डोस जास्त होऊ शकतो, मग पहाटे उठताना चक्कर, आणि मग पडून खुबा मोडणं.

मिठासाठी चीनच्या ६०० खेड्यांतला २०२१ चा अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. मिठात पाव भाग पोटॅशियम क्लोराइड मिसळून दिलं, तर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. असं मीठ आपल्याकडेही मिळतं, पण मूत्रपिंड अशक्त असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते स्वतःहून आणू नका, पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. आधी लोणचं, पापड, मिरगुंड कमी करा.

तुम्ही लिहिलं नाही ते दोन प्रश्न मी विचारते. मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे? दीर्घकाळ घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तळपाय बधिर होतात, आणि तोल जाण्याचं खापर वयावर फुटतं. साधी रक्ततपासणी आहे. दुसरं, आई मिश्री लावतात का? आपल्याकडच्या कितीतरी बाया लावतात आणि "दात घासते" एवढंच सांगतात, कारण त्यांना तो तंबाखू वाटतच नाही. रागावून विचारू नका, नुसतं विचारा. लावत असतील तर तोंड आतून बघून घ्यायला हवं, पांढरा किंवा लाल चट्टा नाही ना.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत ओटीवर, हाताशी, ग्लुकोजची पुडी ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं की तीन-चार चमचे पाण्यात घालून प्यायचं, हे शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट गाडी काढायची. आणि त्यानंतर मला क्रिएटिनिन, बी-१२, हिमोग्लोबिन, बसून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब, आणि पाच उठण्यांना लागलेले सेकंद कळवा. मिठाचं आणि प्रथिनांचं नेमकं प्रमाण त्यावरून सांगते.